गेमिंगसाठी मॉनिटर घेताय? आधी कार्ड बघा, मग टेबल, मग खोका

इंदूरच्या सिल्व्हर मॉलमधल्या कुठल्याही दुकानात "गेमिंगचा मॉनिटर दाखवा" म्हटलं की समोर तीन-चार खोके येतात. प्रत्येकावर ठळक आकडे छापलेले असतात: १८० हर्ट्झ, १ एमएस, एचडीआर. दुकानदार सांगतो, "भिया, ये वाला सबसे ज्यादा जा रिया है." तो खोटं बोलत नसतो. पण जो सगळ्यात जास्त विकला जातो तो तुम्हाला जुळेलच असं नाही, कारण तुमच्या सीपीयूच्या डब्यात कुठलं ग्राफिक्स कार्ड आहे, टेबल किती खोल आहे आणि तुम्ही खेळता काय, हे त्याला माहीत नसतं.

खोक्यावरचा आकडा म्हणजे जास्तीत जास्त किती, एवढंच. नर्मदेची लाइन कितीही जोरात आली तरी घरातला नळ अर्ध्या इंचाचा असेल तर बादली नळाच्याच वेगानं भरते. मॉनिटरचंही तसंच आहे. ग्राफिक्स कार्ड, पोर्ट, केबल, विंडोजमधलं सेटिंग आणि पॅनेल, म्हणजे मॉनिटरचा खुद्द पडदा, या पाचांत जे सगळ्यात कमजोर असेल, तेवढंच तुमच्या डोळ्यांपर्यंत पोचतं. बाकीचे पैसे खोक्यातच राहतात.

पहिल्यांदाच डेस्कटॉपसाठी मॉनिटर घेणाऱ्यांना, किंवा दहावी-बारावीतल्या लेकीसाठी-लेकासाठी घ्यायला निघालेल्या आईबाबांना, ज्या क्रमानं विचार करायचा त्या क्रमानं खाली लिहिलं आहे. शक्यतो क्रम मोडू नका. ब्रँड शेवटी येतो.

१. आधी कार्ड

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. त्यात 'परफॉर्मन्स'वर जाऊन खाली 'जीपीयू' लिहिलंय तिथे क्लिक करा. उजवीकडे वर कार्डचं नाव दिसेल. ते कागदावर लिहून घ्या. मग रोजचा गेम सुरू करून त्याच्या सेटिंगमधून सेकंदाला किती फ्रेम, म्हणजे किती चित्रं, निघतात ते मोजणारा काउंटर चालू करा आणि गर्दीचा, धूर-स्फोटांचा प्रसंग खेळून बघा. मोकळ्या मैदानात आकाशाकडे बघत उभं राहिल्यावर येणारा आकडा कामाचा नाही. धुमश्चक्रीत तो कुठपर्यंत खाली येतो ते बघायचं.

आता थोडं गणित. फुल एचडी म्हणजे १९२० गुणिले १०८०, साधारण २०.७ लाख पिक्सेल. त्याच्या वरचं १४४० पी म्हणजे २५६० गुणिले १४४०, जवळजवळ ३६.९ लाख. फोर के म्हणजे ३८४० गुणिले २१६०, सुमारे ८३ लाख. म्हणजे फुल एचडीवरून १४४० पीवर गेलात की कार्डला प्रत्येक फ्रेममध्ये पावणेदोन पटीहून थोडं जास्त काम पडतं, आणि फोर केवर बरोब्बर चौपट. फ्रेम अगदी त्याच प्रमाणात कमी होतात असं नाही, पण फुल एचडीवर ९० मिळत असतील तर १४४० पीवर ५५-६०च्या आसपास धरून चालावं. कमी पिक्सेलचं चित्र काढून ते मोठं करणाऱ्या डीएलएसएस किंवा एफएसआर या सोयी असलेल्या गेममध्ये थोडी भर पडते. ती बोनस समजा, तिच्या भरवशावर खरेदी करू नका.

ढोबळ हिशेब असा. जीटीएक्स १६५० किंवा त्या ताकदीचं कार्ड, किंवा प्रोसेसरमधलंच ग्राफिक्स असेल, तर फुल एचडीच्या पुढे बघू नका. आरटीएक्स ३०६०, ४०६० किंवा आरएक्स ६६००, ७६०० असेल तर फुल एचडी निवांत चालेल आणि १४४० पी सेटिंग थोडी उतरवून चालेल. आरटीएक्स ४०७० किंवा आरएक्स ७८०० एक्सटी या पट्ट्यातली कार्डं १४४० पीसाठीच आहेत, त्यांना फुल एचडी मॉनिटर लावणं म्हणजे कार्ड बसवून ठेवणं. फोर केवर नवे, जड गेम चांगल्या वेगात हवे असतील तर कार्डवरच इतका खर्च होतो की हा लेख वाचायची गरज पडू नये.

एक अपवाद आहे आणि तो महत्त्वाचा आहे. मॉनिटर कार्डपेक्षा जास्त टिकतो. लोक दोनदा कार्ड बदलतात तरी पडदा तोच असतो. येत्या वर्षभरात कार्ड बदलायचं पक्कं असेल तर मॉनिटर आत्ताच एक पायरी वरचा घ्या. "कधीतरी बदलू" असं असेल तर नको.

२. खेळता काय?

व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइक २ असे नेमबाजीचे स्पर्धात्मक गेम खेळणाऱ्याला वेग हवा असतो. कथेचे, मोठ्या जगाचे, गाड्यांचे गेम खेळणाऱ्याला रंग, काळोखातले तपशील आणि मोठा पडदा हवा असतो. बहुतेक जण दोन्ही खेळतात, पण रात्री अकरा वाजता पहिलं बोट कुठल्या आयकॉनवर जातं हे प्रत्येकाला माहीत असतं. त्यावरूनच ठरवा.

वेग म्हणजे रिफ्रेश रेट, पडदा सेकंदाला किती वेळा नवं चित्र दाखवतो तो आकडा. ६० हर्ट्झचा पडदा दर १६.७ मिलिसेकंदांनी चित्र बदलतो, १४४चा दर ६.९ मिलिसेकंदांनी, २४०चा दर ४.२ मिलिसेकंदांनी. ६० सोडून १४४वर आलात की दोन चित्रांमधला वेळ जवळजवळ १० मिलिसेकंदांनी कमी होतो. हा फरक कोणालाही दिसतो, गेम न खेळणाऱ्या काकूंनाही. माउसचा बाण नुसता गोल फिरवला तरी कळतं. १४४ सोडून २४०वर गेलात तर वाचतात जेमतेम पावणेतीन मिलिसेकंद. १६५ आणि १८० यांतला फरक तर अर्ध्या मिलिसेकंदाच्या आसपास, त्यासाठी दोन हजार जास्त देऊ नयेत. २४० आणि त्यापुढचं सगळं त्यांच्यासाठी, जे स्पर्धा खेळतात आणि ज्यांचं कार्ड त्या गेममध्ये खरंच तेवढ्या फ्रेम काढतं.

अजून विश्वास बसत नसेल तर एखाद्या गेमिंग कॅफेत तासभर खेळून या. बसण्याआधी तिथला मॉनिटर किती हर्ट्झवर चालू आहे ते विचारा. घरी येऊन आपल्या जुन्या पडद्यावर तोच गेम लावलात की मी इथे दोन पानं लिहून जे पटणार नाही ते लगेच पटेल.

३. टेप घ्या आणि टेबल मोजा

लोक ही पायरी गाळतात. राजेंद्र नगर, सुदामा नगरकडच्या घरांत कॉम्प्युटर बहुधा अभ्यासाच्याच टेबलावर असतो आणि त्या टेबलाची खोली दीड-दोन फूट. मॉनिटरचा स्टँड त्यातली सहा-आठ इंच जागा खातो. पुढे कीबोर्ड. डोळे आणि पडदा यांत निदान हातभर अंतर उरतं का ते खुर्चीवर बसून मोजा.

२४ इंची मॉनिटर साधारण ५३ सेंटीमीटर रुंद असतो, २७ इंची ६०, ३२ इंची ७१. दोन फुटी टेबलावर ३२ इंची ठेवला की खेळताना कोपऱ्यातला नकाशा बघायला मान वळवावी लागते. स्पर्धा खेळणारे २४-२५ इंचांवर टिकून आहेत ते यासाठीच, सगळा पडदा एका नजरेत येतो.

आकार आणि रिझोल्यूशन यांची जोडी एकत्रच ठरवायची. २४ इंच आणि फुल एचडी ही जोडी चांगली, इंचाला ९२ पिक्सेल मिळतात. २७ इंच आणि १४४० पी त्याहून सुरेख, इंचाला १०९. पण २७ इंच आणि फुल एचडी घेतलात तर इंचाला ८२च उरतात, आणि टेबल उथळ असेल तर अक्षरांच्या कडा दातेरी दिसतात. बाजारात हा मॉनिटर स्वस्त मिळतो आणि मोठा म्हणून आईबाबांना आवडतो. त्याच पडद्यावर पोरगं पीडीएफ वाचणार असेल तर घेऊ नका. ३२ इंच १४४० पीची दाटी २४ इंच फुल एचडीएवढीच असते, ती चालते, फक्त लांब बसायला हवं.

खोलीत पश्चिमेची खिडकी असेल तर संध्याकाळी चार वाजता खुर्चीत बसून पडदा असेल तिथे बघा. खिडकी पडद्याच्या समोर असेल तर प्रकाश थेट त्यावर पडतो. उजेड किती झेपेल हे निट्समध्ये सांगतात. २५० निट्स खिडकीचे पडदे ओढलेल्या खोलीत पुरतात, उजेडाच्या खोलीसाठी ३५०-४०० बघा. चकचकीत काचेसारखा पडदा शोरूममध्ये छान दिसतो, घरी त्यात आपलाच चेहरा दिसतो. मॅट बरा. आणि बहुतेक मॉनिटरच्या मॅन्युअलमध्ये वापरायचं तापमान ४० अंशांपर्यंतच दिलेलं असतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा त्याच्या वर जातो, तेव्हा गच्चीखालच्या बंद खोलीत दुपारभर खेळणार असाल तर मॉनिटर भिंतीला अगदी चिकटवू नका, मागे हवा खेळू द्या.

४. पॅनेल: इथे वेळ घालवा

सगळ्यात जास्त विचार करायची जागा ही. खोक्यावर आयपीएस, व्हीए, टीएन किंवा ओलेड यांपैकी एक लिहिलेलं असतं. लिहिलं नसेल तर विचारा, आणि सांगता येत नसेल तर पुढच्या दुकानात जा.

टीएन आता फारसं दिसत नाही. वेग चांगला, पण थोडं बाजूनं किंवा खालून पाहिलं की रंग उलटेपालटे होतात. जुना साठा स्वस्तात देतो म्हणाले तरी घरच्यांसोबत वापरायच्या मॉनिटरसाठी नको.

आयपीएस हा सरळ मार्ग. रंग खरे, कुठूनही पाहिलं तरी सारखे, आणि आताची आयपीएस पॅनेलं वेगातही कमी नाहीत. उणीव काळ्या रंगात. त्यांचा कॉन्ट्रास्ट, म्हणजे पांढरं काळ्यापेक्षा किती पट उजळ ते, साधारण हजाराला एक असतो, म्हणून अंधाऱ्या खोलीत काळं करडं दिसतं आणि कोपऱ्यांत फिकट झाक येते. दिवसा किंवा ट्यूबलाइट लावून खेळणाऱ्याला हे कळतही नाही.

व्हीएचा कॉन्ट्रास्ट तीन हजाराला एक किंवा त्याहून वर, म्हणून रात्री दिवा बंद करून भुताखेताचा गेम खेळायला मजा येते. पण स्वस्त व्हीएमध्ये गडद रंगावरून गडद रंगावर जायला पिक्सेलला वेळ लागतो. १४४ हर्ट्झवर नवं चित्र ६.९ मिलिसेकंदांनी येतं आणि पिक्सेल अजून आधीच्याच छटेत अडकलेला, म्हणून हलणाऱ्या वस्तूमागे काळसर ओघळ राहतो. दुकानात हे असं तपासा: फोनवर किंवा त्यांच्या पीसीवर काळ्या पार्श्वभूमीवर गडद करडी अक्षरं असलेलं पान उघडा आणि जोरात वर-खाली सरकवा. अक्षरांमागे शाई सांडल्यासारखी शेपटी दिसली तर नेमबाजीच्या गेमसाठी तो मॉनिटर नाही. वाकडे, म्हणजे कर्व्ह्ड मॉनिटर बहुतेक व्हीए असतात, तेव्हा वाकडेपणावर भाळण्याआधी हे एवढं कराच. १५००आर म्हणजे १५०० मिलिमीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा तुकडा. आकडा लहान तितका वाक जास्त. २७ इंचांत त्याचा उपयोग थोडा, ३४ इंची रुंद पडद्यात खरा.

ओलेडमध्ये प्रत्येक पिक्सेल स्वतः उजळतो आणि स्वतः विझतो. काळं म्हणजे पूर्ण काळं, आणि पिक्सेल बदलायचा वेग बाकी सगळ्यांना मागे टाकतो. एकदा पाहिला की दुसरं काही डोळ्यांत भरत नाही, हे खरं. अडचणी दोन. एकच गोष्ट तासन्‌तास जागच्या जागी राहिली, म्हणजे टास्कबार किंवा गेममधली हेल्थची पट्टी, तर कालांतरानं तिचा ठसा पडद्यावर उमटू शकतो, यालाच बर्न-इन म्हणतात. आणि बारीक अक्षरांच्या कडांना रंगीत किनार दिसते, ती दिवसभर एक्सेल-कोडिंग करणाऱ्याला त्रास देते. त्याच पडद्यावर ऑफिसचं कामही करणार असाल तर दोनदा विचार करा. घेतलातच तर वॉरंटीत बर्न-इन धरलं आहे का ते लेखी बघा. सगळ्याच कंपन्या धरत नाहीत.

माझं मत विचाराल तर पहिला मॉनिटर आयपीएस घ्या. सगळ्यात कमी पश्चात्ताप त्यातच होतो.

५. खोक्यावरचं काय वाचायचं, काय सोडायचं

"१ एमएस", म्हणजे एक मिलिसेकंद, हा आकडा जवळजवळ प्रत्येक खोक्यावर आहे, म्हणून त्यावरून काहीच कळत नाही. कधी तो पिक्सेल एका करड्या छटेतून दुसरीत जायला लागणारा वेळ असतो, म्हणजे जीटीजी, आणि तोही सगळ्यात अनुकूल छटेतला. कधी तो एमपीआरटी, म्हणजे हलतं चित्र पडद्यावर किती वेळ दिसत राहतं तो आकडा असतो, जो बॅकलाइट, म्हणजे पडद्यामागचा दिवा, लुकलुकवून मिळवतात. मेनूत पिक्सेलला वेगानं बदलायला लावणारं ओव्हरड्राइव्ह नावाचं सेटिंग असतं. ते सगळ्यात वरच्या पातळीवर नेलं की तो १ एमएस गाठला जातो, पण मग हलणाऱ्या वस्तूभोवती उलटी, पांढुरकी सावली येते. मधल्या पातळीवर ठेवायचं आणि आकडा विसरायचा.

"डायनॅमिक कॉन्ट्रास्ट दहा लाखाला एक" हे सरळ सोडून द्या.

एचडीआर, म्हणजे उजेड आणि काळोख यांतला जास्त फरक दाखवणारं चित्र: व्हेसा या संस्थेनं डिसेंबर २०१७ मध्ये डिस्प्लेएचडीआर नावाच्या पायऱ्या ठरवून दिल्या. त्यातली सगळ्यात खालची ४००. तिला पडद्याचे वेगवेगळे भाग वेगवेगळे मंद करण्याची, म्हणजे लोकल डिमिंगची सक्तीच नाही, त्यामुळे ४००चा आयपीएस मॉनिटर एचडीआरवर टाकला की बरेचदा चित्र नुसतं फिकट आणि जास्त उजळ होतं. नुसतं "एचडीआर १०" लिहिलेलं असेल तर त्याचा अर्थ मॉनिटर तो सिग्नल घेतो एवढाच. एचडीआरची खरी मजा ओलेडमध्ये किंवा शेकडो भागांत मंद होणाऱ्या मिनी-एलईडीत. दहा-पंधरा हजारांच्या मॉनिटरमध्ये एचडीआरसाठी पाचशे रुपयेसुद्धा जास्त देऊ नका.

रंगांचा आकडा मात्र वाचायचा. एसआरजीबी, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या रंगांचा नेहमीचा संच, ९५ टक्के किंवा वर हवा. काही खोक्यांवर "७२ टक्के एनटीएससी" (जुन्या टीव्हीचा रंगसंच) असतं, ते जवळपास पूर्ण एसआरजीबीएवढंच, घाबरू नका. "४५ टक्के एनटीएससी" दिसलं तर रंग उडालेले दिसणार. लाल तर विटकाच. स्वस्त लॅपटॉपची पॅनेलं अशी असतात.

स्टँड वर-खाली होतो का ते बघा. नुसता पुढेमागे झुकणारा स्टँड असेल तर मागे ७५ किंवा १०० मिलिमीटरच्या चौकोनात चार भोकं आहेत का तपासा, म्हणजे नंतर आर्म लावता येईल. नाहीतर जाडजूड पुस्तकांचा गठ्ठा आहेच. मागच्या बाजूची रंगीत रोषणाई भिंतीला दिसते. आत स्पीकर असले तर उत्तम, पण त्यांच्या भरवशावर राहू नका.

६. सिंक, पोर्ट, केबल

कार्ड सेकंदाला ९७ फ्रेम काढतंय आणि पडदा १४४ वेळा बदलतोय, असं झालं की अर्धं चित्र जुनं आणि अर्धं नवं दिसतं, मध्ये आडवी चीर पडते. त्यावर उपाय म्हणजे पडद्यानं कार्डच्या तालावर चालायचं. कार्डं बनवणाऱ्या दोन कंपन्यांपैकी एनव्हिडियानं २०१३ मध्ये जी-सिंक आणलं, तेव्हा मॉनिटरमध्ये वेगळं महागडं मॉड्यूल लागायचं. एएमडीचं फ्रीसिंक २०१५ मध्ये बाजारात आलं, ते डिस्प्लेपोर्टमधल्याच सोयीवर चालतं. जानेवारी २०१९ पासून एनव्हिडियानंही फ्रीसिंकवाले मॉनिटर चालवायला सुरुवात केली. म्हणून आज "जी-सिंक की फ्रीसिंक" हा वाद घालायचं कारण नाही. फ्रीसिंक किंवा अॅडाप्टिव्ह सिंक लिहिलेलं असलं की झालं. तुमचं कार्ड जीटीएक्स १० मालिकेतलं किंवा त्यापुढचं असेल तर डिस्प्लेपोर्ट केबल वापरा. जमलं तर सिंक किती हर्ट्झपासून किती हर्ट्झपर्यंत चालतं तेही बघा. ४८ ते १४४ असेल तर चांगलं, कारण फ्रेम ४८च्या खाली गेल्या की कार्ड तीच फ्रेम दोनदा दाखवून ताल सांभाळतं.

पोर्टचं थोडक्यात: फुल एचडी १४४ हर्ट्झ किंवा १४४० पी १४४ हर्ट्झ यांना एचडीएमआय २.० पुरतं, पण डिस्प्लेपोर्ट १.२ किंवा १.४ असेल तर तेच वापरा, कटकट कमी. फोर के १४४साठी डीएससीसह (सिग्नल दाबून लहान करणारी सोय) डिस्प्लेपोर्ट १.४ किंवा पूर्ण क्षमतेचं एचडीएमआय २.१ लागतं. इथे एक पळवाट आहे: नियमच असे झालेत की जुन्या २.० क्षमतेच्या पोर्टलाही "२.१" म्हणता येतं. तेव्हा आवृत्ती विचारू नका, "एचडीएमआयवर फोर के १२० चालतं का" असं विचारा. पीएस५ किंवा एक्सबॉक्सही जोडायचा असेल तर हा प्रश्न चुकवू नका.

केबल खोक्यातली वापरा. जास्त लांब हवी म्हणून शंभर-दीडशेची डिस्प्लेपोर्ट केबल उचललीत तर त्यात विसावी पिन जोडलेली असू शकते. मानकाप्रमाणे ती केबलमध्ये जोडायची नसते. जोडलेली असली तर मॉनिटरमधून उलटा वीजप्रवाह कार्डकडे येतो आणि कॉम्प्युटर सुरूच न होण्यासारखे विचित्र घोळ होतात. माणूस मग कार्ड बिघडलं म्हणून दुकानाच्या चकरा मारत बसतो.

७. घ्यायला जाताना

किमती सारख्या हलतात, तरी अंदाज यावा म्हणून: २४ इंची फुल एचडी आयपीएस, १४४ ते १८० हर्ट्झ, साधारण आठ ते बारा हजारांत मिळतो. २७ इंची १४४० पी आयपीएस पंधरा ते पंचवीस हजारांत. ओलेड यांच्या कितीतरी वर. ३२ इंचांहून मोठ्या मॉनिटरवर पूर्वी २८ टक्के जीएसटी लागायचा, २२ सप्टेंबर २०२५ पासून तो १८ टक्के झाला आहे. कोणी जुना कर सांगून भाव चढवत असेल तर बिल मागा. बिल तसंही घ्यायचंच. "बिना बिल के पाँच सौ कम" हे वाक्य गोड लागतं, पण वॉरंटी बिलावरच चालते.

दुकानात चालू असलेला मॉनिटर बहुतेक वेळा एखाद्या जुन्या पीसीला एचडीएमआयनं जोडलेला आणि ६० हर्ट्झवरच असतो. १८०चा मॉनिटर ६०वर बघून "काही फरक नाही" म्हणत घरी येऊ नका. सेटिंग बदलून दाखवायला सांगा, दहा सेकंदांचं काम आहे. मग माउसचा बाण वेगानं गोल फिरवा. बाणाच्या प्रतिमा जितक्या दाट, तितका वेग जास्त.

मागच्या लेबलवर बीआयएसचं, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचं, चिन्ह आणि 'आर'नं सुरू होणारा नोंदणी क्रमांक बघा. बीआयएस केअर या अॅपमध्ये तो क्रमांक टाकून तपासता येतो. नाव न ऐकलेल्या कंपनीचा मॉनिटर कोणी फार स्वस्तात देत असेल तर दुकानात उभ्या उभ्या हे कराच.

तीन प्रश्न विचारा आणि उत्तर बिलावर लिहून घ्या. वॉरंटी किती वर्षं? बहुतेक चांगल्या कंपन्या तीन देतात. कंपनीचा माणूस घरी येतो की मॉनिटर आपण न्यायचा, आणि न्यायचा तर इंदूरमध्येच की भोपाळला? आणि एखादा पिक्सेल मेलेला निघाला तर? यातल्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर "भोपाळला" असं आलं तर मी ब्रँड बदलायला सांगेन. २७ इंची खोका घेऊन बसनं भोपाळला जाणं ही काही हौस नव्हे.

ऑनलाइन मागवत असाल तर पार्सल फोडताना सलग व्हिडिओ काढा, खोक्याच्या सहाही बाजू आणि लेबल दाखवून. फुटका पडदा निघाला तर तक्रारीत तोच पुरावा. आणि बदलून घ्यायची मुदत किती दिवसांची आहे ते पैसे भरायच्या आधी वाचा.

८. घरी आणल्यावर पहिल्या संध्याकाळी

केबल ग्राफिक्स कार्डला लावायची. हे मुद्दाम लिहितोय, कारण सीपीयूच्या मागे वरती मदरबोर्डचं एचडीएमआय पोर्ट असतं आणि हात पहिल्यांदा तिथेच जातो. कार्डची पोर्टं त्याच्या बरीच खाली, आडवी असतात. चुकीच्या जागी लावलं की चित्र दिसतं, पण गेम प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सवर चालतो आणि पंचवीस हजारांचं कार्ड आत नुसतं बसून असतं.

मग डेस्कटॉपवर उजवं क्लिक, 'डिस्प्ले सेटिंग्ज', खाली 'अॅडव्हान्स्ड डिस्प्ले', आणि तिथे रिफ्रेश रेटच्या यादीतून सगळ्यात मोठा आकडा निवडा. नवा मॉनिटर जोडल्यावर विंडोज बरेचदा ६०वरच राहतं. महिनोन्‌महिने १६५चा मॉनिटर ६०वर चालवणारी आणि "मस्त आहे" म्हणणारी मंडळी मी पाहिली आहेत. यादीत मोठा आकडाच दिसत नसेल तर केबल किंवा पोर्ट बदलून बघा. गेमच्या आतल्या व्हिडिओ सेटिंगमध्येही वेगळा रिफ्रेश रेट असतो, तोही बदला.

मॉनिटरच्या बटणांतून मेनू उघडा, अॅडाप्टिव्ह सिंक चालू करा. मग कॉम्प्युटरवरच्या एनव्हिडियाच्या किंवा एएमडीच्या सॉफ्टवेअरमध्येही चालू करा, दोन्हीकडे लागतं. गेममध्ये फ्रेमची मर्यादा मॉनिटरच्या आकड्यापेक्षा तीनेक कमी ठेवा, १४४ असेल तर १४१, म्हणजे सिंक सुटत नाही. ओव्हरड्राइव्ह मधल्या पातळीवर. ब्राइटनेस कारखान्यातून बरेचदा फार वर ठेवलेला येतो. तो खाली आणत पडद्यावरचं पांढरं पान शेजारी ठेवलेल्या कागदाएवढंच उजळ दिसेल तिथे थांबा. डोळे दुखण्याच्या निम्म्या तक्रारी इथेच मिटतात. "गेमिंग मोड", "एफपीएस मोड" वगैरे तयार सेटिंग लावून बघायला हरकत नाही, पण बहुतेकांत रंग भडक करून ठेवलेले असतात. "स्टँडर्ड" किंवा "एसआरजीबी"वर परत या.

मेलेले पिक्सेल त्याच दिवशी शोधा. पूर्ण पडदाभर लाल, हिरवं, निळं, पांढरं आणि काळं चित्र एकेक करून लावा आणि जवळून कोपऱ्याकोपऱ्यांत बघा. काळ्या चित्राच्या वेळी खोलीतला दिवा बंद करा. कडेनं उजेड गळतोय का तेही तेव्हाच दिसतं. थोडी झाक चालते, एका कोपऱ्यात पिवळा डाग असेल तर फोटो काढून लगेच दुकानाला कळवा. एक-दोन मेलेले पिक्सेल असले तर कंपन्या बरेचदा बदलून देत नाहीत, पण दुकानदार पहिल्या एक-दोन दिवसांत ऐकतो, आठवड्यानंतर नाही.

वीज कमी-जास्त होत असेल तर मॉनिटरही सीपीयूसोबत यूपीएसवर घ्या. २४ इंची मॉनिटर साधारण २० ते ३० वॉटच खातो, यूपीएसला भार नाही. पावसाळ्यात विजा कडाडायला लागल्या की प्लग काढा.

पडदा पुसताना काचेचा स्प्रे नको. मॅट थरावर त्यानं कायमचे ढग उठतात आणि दिवाळीच्या साफसफाईत हे हमखास होतं. चष्मा पुसायचा कोरडा मऊ कपडा पुरे, फार तर किंचित ओला करून. खोका आणि आतला थर्माकोल वॉरंटी संपेपर्यंत माळ्यावर ठेवा. पॅनेल बदलायला पाठवायची वेळ आली तर मॉनिटर नुसता चादरीत गुंडाळून नेता येत नाही.